कागदपत्रांची घरगुती तिजोरी : घरात उघडी, बाहेरून बंद

आरोग्य आणि अर्थ या सदरात हा संगणकवाला कुठून उगवला, असे काही वाचकांना वाटेल. मी डॉक्टर नाही, चार्टर्ड अकाउंटंटही नाही. पण रिपोर्ट जपून ठेवा, खरेदीखताची प्रत जवळ बाळगा, असे सल्ले आपण सगळेच नेहमी वाचतो आणि पटल्यासारखी मान डोलावतो. ही ‘जवळ’ म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न मात्र माझ्या धंद्यातला आहे. तो मला जरा महागात शिकावा लागला.

२०२३च्या जुलैमध्ये मी ऑफिसच्या कामासाठी जकार्ताला होतो. साताऱ्याहून ताईचा फोन आला की बाबांच्या छातीत दुखते आहे आणि त्यांना पुण्याला हलवत आहोत. (बाबा आज उत्तम आहेत, हे आधीच सांगून टाकतो.) बाबांची २०१७ साली अँजिओप्लास्टी झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी साहजिकच विचारले, जुन्या अँजिओग्राफीची सीडी आहे का? स्टेंट कुठल्या रक्तवाहिनीत बसवला होता? सीडी होती, पण बुओना व्हिस्टाला. इथल्या एका डॉक्टरांचे मत घ्यावे म्हणून मीच ती आणली होती, एका जुन्या लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती आणि आपण फार व्यवस्थित आहोत असे मनाशी म्हटले होते.

बायको ऑफिसातून धावत घरी आली. लॅपटॉप सापडला, चार्जर सापडेना. चार्जर सापडला तर पासवर्ड मला आठवेना. मग ‘बाबा नवीन फायनल २’ अशा नावाच्या फोल्डरात सुमारे ६०० एमबीच्या शेकडो फायली निघाल्या. त्या ना धड फोटो, ना धड पीडीएफ. हॉस्पिटलमधल्या स्कॅनची डायकॉम नावाची एक खास पद्धत असते आणि पुष्कळदा त्या फायलींच्या नावापुढे शेपूटही नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोल्डर जसाच्या तसा जाईना, ई-मेल तर घेईचना. झिप करायचे, ते मी जकार्ताहून फोनवर सांगायचे, ती करायची. फायली पुण्यात पोचल्या तेव्हा चार तास उलटून गेले होते. तोपर्यंत डॉक्टरांनी वाट न पाहता नवी अँजिओग्राफी उरकली होती आणि ते योग्यच होते. पण त्या चार तासांत मला लाज वाटली ती अशी, की दिवसभर लोकांच्या फायली जगभर फिरवायचा पगार मी घेतो.

परत आल्यावर घरात एक ‘नॅस’ बसवला. त्याची ही हकिगत.

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवण. दिसायला जाड पुस्तकाएवढी डबी, आत एक किंवा दोन हार्ड डिस्क, मागे वीज आणि नेटवर्कची केबल. तिला पडदा नाही, की-बोर्ड नाही. घरातले सगळे संगणक आणि फोन वायफायवरून तिच्यात फायली ठेवतात आणि काढतात. मी दोन डिस्कची घेतली. सगळा खर्च सहा-सातशे सिंगापूर डॉलर झाला, आणि चोवीस तास चालू राहूनही विजेचे महिन्याला चारेक डॉलर पडतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्यांच्याकडे फक्त कागदपत्रे आहेत, म्हणजे पाच-दहा जीबीचा मामला, त्यांनी ही डबी घेऊ नये. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत ते सारे मावते. त्या खात्याला दोन टप्प्यांची ओळखपडताळणी लावा आणि हा लेख इथेच सोडा. पण ज्यांच्याकडे आई-वडिलांचे स्कॅन, मुलांचे व्हिडिओ आणि दोन देशांची कागदपत्रे मिळून पसारा वाढला आहे, आणि दरमहा भाडे भरणे नको वाटते, त्यांनी पुढे वाचावे.

घरातल्या घरात

पहिली चूक जागेची केली. आमचा ब्लॉक नवा, म्हणून घरात बॉम्ब शेल्टर आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी तिथे तांदळाची पोती, रिकाम्या बॅगा आणि गणपतीचे मखर नांदत असते. डबीही तिथेच ठेवली. लोखंडी दार, काँक्रीटच्या जाड भिंती, हवा खेळत नाही. आठवड्यात डिस्कचे तापमान ५० अंशांच्या वर गेले, शिवाय केबल दारात चेंगरायला लागली. आता ती टीव्हीखाली राऊटरच्या शेजारी आहे. नॅस आणि राऊटर यांच्यात केबलच हवी. लॅपटॉपही केबलने जोडला तर सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, म्हणजे ४० जीबीचे मुंजीचे चित्रण सहा-सात मिनिटांत उतरते. वायफायवर त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.

दुसरे काम म्हणजे डबीचा पत्ता कायम करणे. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२० (आकडे संगणकावर इंग्रजीतच टाकायचे). हा क्रमांक अधूनमधून बदलतो आणि मग ‘कालपर्यंत तर चालत होतं’ हे वाक्य घरात ऐकू येते. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डबीचा क्रमांक राखून ठेवला की झाले.

घरातल्या वापरासाठी एसएमबी ही पद्धत सगळ्यात सोयीची. विंडोजवर फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि डबीचा क्रमांक लिहायचा. मॅकवर कमांड आणि के दाबून तोच पत्ता द्यायचा. डबी साध्या ड्राईव्हसारखी समोर दिसते. यात एकच पथ्य आहे. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवा. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तो याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. आमच्या जुन्या प्रिंटरला स्कॅन पाठवायला नेमकी तीच आवृत्ती लागत होती. प्रिंटरसाठी घर उघडे ठेवायचे नाही, असे ठरवून आता स्कॅन फोनवरच करतो.

फोल्डर कसे लावावेत, यावर आमच्या घरी बराच खल झाला. अखेर बायकोचीच पद्धत टिकली. वर्षांचे फोल्डर न करता माणसांचे करायचे. बाबा, आई, आपण दोघे, मुलगी. प्रत्येकात ‘आरोग्य’ आणि ‘पैसा’. आरोग्यात रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, स्टेंटबरोबर मिळालेले कार्ड, लसीकरणाच्या नोंदी. पैशात पॅन कार्ड, एनआरई आणि एनआरओ खात्यांचे उतारे, विम्याच्या पॉलिसी, दोन्ही देशांची करविवरणे, साताऱ्याच्या जमिनीचा सातबारा, पुण्याच्या फ्लॅटचे खरेदीखत, इंडेक्स टू आणि मुद्रांक शुल्काची पावती. फ्लॅट विकायची वेळ येते तेव्हा नफा काढायला मूळ खरेदीची किंमत दाखवावी लागते, आणि वीस वर्षांपूर्वीची पावती त्या दिवशी शोधून मिळत नसते. सीपीएफच्या नॉमिनेशनची प्रतही इथेच आहे. ते मृत्युपत्रात लिहून चालत नाही, स्वतंत्रच करावे लागते, हे अनेकांना ठाऊक नसते.

बाहेरून

आता खरा प्रश्न. मी जकार्तात, ताई पुण्यात आणि डबी बुओना व्हिस्टाला. माझे ऑफिस वन-नॉर्थला, घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण नेटवर्कच्या दृष्टीने ते दहा मिनिटांचे अंतर आणि पुणे सारखेच लांब आहे.

मी सोपा मार्ग धरला. डबीत एफटीपी चालू केले आणि राऊटरमध्ये २१ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडले. एफटीपी म्हणजे फाईल इकडून तिकडे पाठवायचा जुना नियमसंच. तो एप्रिल १९७१मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत. भारतीय माणसाने लिहिलेला नियम पन्नास वर्षांनंतरही चालतो याचा अभिमान वाटतो. पण तो लिहिला गेला तेव्हा नेटवर्कवर मूठभर संस्था होत्या. मूळ एफटीपीत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, वाटेतल्या कुणालाही वाचता येतो. २०२१मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीला निरोप दिला, हे मला माहीत होते. तरीही, आपल्या घरच्या डबीकडे कोण बघतोय, या विचाराने मी ते चालू केले.

तिसऱ्या दिवशी डबीची नोंदवही उघडली. रात्रभर दर काही सेकंदांनी कुणीतरी दार ठोठावत होते. ‘अ‍ॅडमिन’, ‘रूट’, ‘टेस्ट’, ‘बॅकअप’, एकामागून एक नावे आणि पासवर्ड. माणूस नव्हे, यंत्रेच ती. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता अशी यंत्रे सतत तपासत असतात, बुओना व्हिस्टातल्या कुलकर्ण्यांचे घर की बँक याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. माझा पासवर्ड लांब होता म्हणून निभावले. त्याच रात्री पोर्ट बंद केले.

ही भीती उगीच नाही. एप्रिल २०२१मध्ये ‘क्यूलॉकर’ने क्यूनॅप कंपनीच्या डब्यांमधल्या फायली पासवर्डच्या गाठोड्यात बांधून टाकल्या आणि सोडवायला ०.०१ बिटकॉइन मागितले. जानेवारी २०२२मध्ये ‘डेडबोल्ट’ आला, त्याची मागणी ०.०३ बिटकॉइनची. इथे पासवर्ड ओळखण्याची गरजही पडली नाही, डबीच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतूनच शिरकाव झाला. म्हणून ‘माझा पासवर्ड पक्का आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. जी डबी इंटरनेटवरून थेट दिसते तिलाच धोका होता. कंपनीनेही तेव्हा ग्राहकांना हेच सांगितले की राऊटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करा. हे यूपीएनपी म्हणजे घरातल्या यंत्राने राऊटरला परस्पर सांगून दार उघडून घेण्याची सोय. ती बऱ्याच राऊटरांत आधीपासून चालू असते. आज घरी गेल्यावर तेवढे एक पाहा.

मग दार ठेवायचे तरी कसले? जुन्या वाड्यांना मोठा दरवाजा असे आणि त्यातच एक छोटा दिंडी दरवाजा. मोठा दरवाजा बंदच, ओळखीचा माणूस वाकून दिंडीतून आत. व्हीपीएन ही तशी दिंडी आहे. फोन किंवा लॅपटॉप आधी किल्ली दाखवून घराच्या नेटवर्कमध्ये शिरतो, आणि मग आपण सोफ्यावर बसलो आहोत असे समजूनच डबीशी बोलतो. डबी स्वतः बाहेर कुणालाच दिसत नाही.

मी राऊटरवरचे वायरगार्ड वापरले. यालाही एक पोर्ट उघडावे लागते, पण किल्लीशिवाय आलेल्या कुणालाही ते उत्तरच देत नाही, त्यामुळे दार ठोठावणाऱ्या यंत्राला तिथे दार आहे हेही कळत नाही. प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली द्यायची. फोन हरवला तर तेवढीच किल्ली रद्द करायची. घराचा बाहेरचा पत्ता बदलत असतो, म्हणून बहुतेक राऊटरमध्ये फुकट मिळणारे डायनॅमिक डीएनएस नाव घ्यायचे.

ऑफिसातून चालले. टॅनजाँग पगारच्या फूड कोर्टमधून फोनवर चालले. मोठ्या ऐटीत ताईच्या लॅपटॉपवर बसवून दिले, आणि तिथे चालेना. ताई म्हणते, “अरे, जोडलं असं लिहून येतंय, पण आत काहीच दिसत नाही.” दोन रविवार त्यात गेले. कारण निघाले ते हसण्यासारखे. ताईच्या पुण्यातल्या घराचे क्रमांक १९२.१६८.१ने सुरू होत होते आणि आमचेही तसेच. तिचा लॅपटॉप १९२.१६८.१.२०ला शोधत होता स्वतःच्याच घरात. दोन गावांत एकाच नावाची गल्ली असावी तसे झाले. आमच्या घरचे क्रमांक बदलून १९२.१६८.५७ केले आणि लगेच चालू झाले. आपण पहिल्यापासून असाच काहीतरी अनवट आकडा घ्या, माझे दोन रविवार वाचतील.

काहींच्या घरी वायरगार्ड मुळात चालणारच नाही. काही कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राऊटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान सुरू होत असेल, तर आपण त्या सामायिक पत्त्यामागे आहात. त्यांनी टेलस्केल पाहावे. आत वायरगार्डच आहे, पण दोन्ही टोके आतून बाहेर जाऊन भेटतात, त्यामुळे राऊटरला हात लावावा लागत नाही. घरगुती वापराला फुकट योजना आहे. ज्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्याने त्यात शिराल, त्याला दोन टप्प्यांचे कुलूप हवेच. आणखी एक खाच आहे. यातली किल्ली साधारण सहा महिन्यांनी, म्हणजे १८० दिवसांनी संपते. फोनवर पुन्हा लॉगिन करता येते, पण डबीची किल्ली तुम्ही परगावी असताना संपली तर बसा. डबीपुरती ती मुदत सेटिंगमधून काढून टाकता येते.

दिंडीतून आत आल्यावर फाईल नेमकी कशी उचलायची, हेही सांगतो. घरात जे एसएमबी झकास चालते, ते पुण्याहून रडतखडत चालते. प्रत्येक पावलाला ते डबीला काहीतरी विचारते आणि पुणे-सिंगापूर फेरी दर वेळी घडते. लांबून एसएफटीपी वापरा. नाव सारखे असले तरी एफटीपीशी त्याचे नाते नाही, ते एसएसएच या कुलूपबंद पद्धतीवर चालते, आणि तुटलेले काम पुढे चालू ठेवता येते. ताईला फाईलझिला बसवून दिले. पहिल्यांदा जोडताना ते एक लांबलचक ओळ दाखवून विचारते, या यंत्रावर विश्वास ठेवू का? ती ओळ मी आधी तिला वाचून दाखवली होती, तिने ताडून ‘हो’ म्हटले. पुढे कधी ती ओळ अचानक बदलली तर ‘हो’ न म्हणता मला फोन कर, असे सांगून ठेवले आहे. बाबांचा तो ६०० एमबीचा फोल्डर दहा एमबीपीएसच्या वेगाने आठ मिनिटांत उतरतो. पलीकडे वेग कमी असेल तर जास्त वेळ लागतो.

ताईला ‘बाबा’ आणि ‘आई’ यांचे आरोग्य फोल्डर फक्त वाचता येतात. नवे रिपोर्ट टाकायला ‘ताईकडून’ असा वेगळा फोल्डर आहे. ती जरा खट्टू झाली. “माझ्यावर विश्वास नाही का तुझा?” विश्वास तिच्यावर आहे, पण तिच्या लॅपटॉपवर दाजी आणि भाचा काय काय उतरवतात ते मला माहीत आहे. तिकडे व्हायरस शिरला तर ज्या फायलींवर तिला लिहिता येते त्याच तो बिघडवू शकतो.

एक गैरसमज आहे, विशेषतः आपल्या इंजिनिअर मंडळींत. दोन डिस्क आहेत, दोन्हींवर तेच आहे, म्हणजे बॅकअप झाला, असे मीही समजत होतो. एका संध्याकाळी मी ‘पैसा’तला २०१९चा फोल्डर चुकून पुसला. दोन्ही डिस्कनी अत्यंत प्रामाणिकपणे, त्याच क्षणी तो पुसला. दुसरी डिस्क ही पहिली बिघडली तर कामाची, माणूस बिघडला तर नाही. स्नॅपशॉट चालू होते म्हणून आदल्या रात्रीची स्थिती परत आणता आली. आता रोज स्नॅपशॉट होतो आणि महिन्यातून एकदा सगळे एका बाहेरच्या डिस्कवर उतरते. कूटबद्ध केलेली ती डिस्क क्लेमेंटीला एका मित्राकडे असते, त्याची माझ्याकडे. महिन्याला एकदा जेवायला भेटतो तेव्हा अदलाबदल करतो. बायका म्हणतात, हे दोघे शाळेतल्या मुलांसारखे वह्या बदलतात.

हे सगळे झाल्यावर बायकोने परीक्षा घेतली, पण ती माझी. एका रविवारी ती म्हणाली, “समज तू नाहीस. मी उघडते. बोलायचं नाही.” मी टीव्हीसमोर तोंड मिटून बसलो. बाबांची सीडी, विम्याची पॉलिसी आणि सीपीएफचा कागद एवढे तिने शोधायचे होते. बावीस मिनिटे लागली. त्यातली पंधरा माझ्या सूचना वाचण्यात गेली, कारण मी ‘एंडपॉइंट’, ‘पीअर’ असले शब्द लिहिले होते. तिने तो कागद फाडला आणि स्वतःच्या शब्दांत नवा लिहिला. एक पान, मोठे अक्षर. डबी कुठे आहे, दिवा कुठला हिरवा हवा, पासवर्डची वही कुठे, मी नसेन तर कोणाला फोन करायचा. तो कागद पासपोर्टच्या पाकिटात आहे, दुसरी प्रत ताईकडे.

गेल्या महिन्यात बाबांची तपासणी होती. डॉक्टरांनी २०१७ आणि २०२३ची चित्रे शेजारी शेजारी पाहायला मागितली. ताईने दवाखान्यातच लॅपटॉप उघडला. मला फोन आला तो संध्याकाळी, आणि तोही बाबांची गोळी बदलली एवढे सांगायला.

कुणाला हे बसवताना अडचण आली तर मंडळाच्या कार्यक्रमात मला जरूर गाठा. चहा तुमचा. राऊटरचा पासवर्ड मात्र मला सांगू नका, तो आधी बदलून या.